अकरा वेळा मान्य

अँटेनाला टीव्ही बघायला आवडत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. एका टीव्ही कंपनीत छत्तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढली म्हटल्यावर लोक हमखास म्हणतात, मग काय, मजा आहे तुमची, दिवसभर टीव्ही. यावर त्याच्या कपाळावर ज्या आठ्या चढतात त्या पुढचा अर्धा तास उतरत नाहीत. त्याने टीव्ही पाहिला तो बहुतेक मागच्या बाजूने. पुढून बघायची वेळ आली तेव्हा त्यावर पट्टे तरी होते, नाहीतर मुंग्या.

नोकरीला लागला तेव्हा तो बावीस वर्षांचा, काटकुळा आणि उंचीला न भिणारा होता. सेट बसवायला गेलं की बाकीचे मेकॅनिक खाली सावलीत बसून वायरी जोडत आणि याला छपरावर पिटाळत. वर जाऊन काठी फिरवायची आणि ओरडायचं, "आलं का?" खालून उत्तर, "आलं." हा काठी आवळायला लागला की, "गेलं." पुन्हा फिरवली की, "मगाशी चांगलं आलं होतं, कशाला हलवलंत?" या एका प्रश्नाने आपल्याला जन्माची चिडचिड लावली असं तो सांगतो. नाव तेव्हा चिकटलं. छपरांवरचे अँटेना कधीच गेले, हा राहिलाय.

कंपनी सुरू केली थोरल्या मालकांनी. त्यांचं मूळ दुकान रेडिओ दुरुस्तीचं. त्यांचे पहिले सेट लाकडी होते, कपाटासारखे, समोर दोन सरकत्या फळ्या आणि मधे कुलूप. घरात परका माणूस बसवायचा तर त्याला दार हवं, असं थोरले मालक म्हणायचे आणि कंपनीच्या प्रत्येक समारंभात कोणीतरी ते गंभीर चेहऱ्याने सांगायचं. खरं कारण एवढंच की मालकांच्या साडूचा कपाटांचा कारखाना होता आणि त्याला कपाटाशिवाय दुसरं काही बनवताच येत नव्हतं.

मग रंगीत सेट आले. त्यांना आठ बटणं आणि एका झाकणामागे वाहिन्या जुळवायची आठ बारीक चाकं, ती फिरवायला प्लास्टिकची एवढीशी काडी. ती काडी प्रत्येक घरात पहिल्या आठवड्यात हरवायची. मग लोक तिथे आगपेटीची काडी घालत, केसांची पिन घालत, एकाने तर दात कोरायची काडी घालून ती आतच मोडली आणि वर याच्यावरच डाफरला. त्या काळात अँटेनाच्या पिशवीत एक हातभर आरसा असे. सेटच्या मागे बसून स्क्रू फिरवायचा आणि चित्र समोरच्या खुर्चीवर ठेवलेल्या आरशात बघायचं. कित्येक घरांतल्या बायकांना हा माणूस कामाच्या वेळात भांग पाडतो असंच वाटे.

पुढे रिमोट आला, सेट चपटे झाले, मग इतके पातळ झाले की आत दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नाही. धाकट्या मालकांनी कंपनी बाहेरच्या लोकांना विकली. नव्या लोकांनी टीव्हीला इंटरनेट जोडलं, जाहिरातीत त्याला घरातला एक माणूस म्हणायला लागले, आणि अँटेनाच्या हातातली पक्कड काढून तिथे फोन दिला. फोनमध्ये एक घड्याळ. घरात पाऊल टाकलं की ते सुरू करायचं आणि पस्तीस मिनिटांत चित्र दिसलं पाहिजे. छत्तिसावं मिनिट लागलं की नावापुढे तांबडा ठिपका.

आता पस्तीस मिनिटांत भिंत मोजायची, भोकं पाडायची, सेट टांगायचा, केर काढायचा आणि मग त्या सेटला कामाला लावायचं. कामाला लागण्याआधी सेट प्रश्न विचारतो. एकामागून एक अकरा पडदे, प्रत्येकावर मुंगीएवढ्या अक्षरांत मजकूर आणि खाली "मान्य". पहिल्या घरी अँटेनाने इमानेइतबारे रिमोट मालकाच्या हातात दिला. तो निवृत्त हेडमास्तर. त्याने चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि वाचायला बसला. सव्वा तास वाचून म्हणाला, "चौथ्या कलमात आणि सातव्या कलमात मेळ नाही. तुमच्या साहेबांना पाठवा." अँटेनाच्या नावापुढे तांबडा ठिपका पडला तो पडलाच. त्या दिवसापासून त्याने चित्र दिसेपर्यंत रिमोट कोणाच्या हातात दिला नाही.

त्याने पद्धतच बसवली. उजवं बटण, खालचं बटण, मान्य. उजवं, खालचं, मान्य. अकरा वेळा. न बघता, बोटांच्या सवयीने, घरमालकाशी उन्हाळ्याबद्दल बोलता बोलता. एकोणीस सेकंद. कंपनीला त्याचं इतकं कौतुक वाटलं की त्याच्या हाताचा व्हिडिओ काढून तो नव्या मेकॅनिकांना दाखवायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा आपण पडद्यावर आलो आणि तेही मनगटापासून पुढे, असं तो बायकोला म्हणाला; पण मनातून सुखावला होता.

त्याला एकच बहीण, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं. ताई रफू करते. म्हणजे कोटाला सिगारेटचं भोक पडलं, शालीला उंदराने कुरतडलं, की लोक तिच्याकडे येतात. ती त्याच कापडाच्या शिवणीतून धागे उसवून काढते आणि सुईने पुन्हा विणते, असं की भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकाला शोधून सापडू नये. या कामाची पावती म्हणजे काही न दिसणं, त्यामुळे तिचं कौतुक फारसं कोणी करत नाही. नवरा गेल्यावर याच सुईवर तिने मुलगा मोठा केला. आता मुलगा, सून आणि ती अशी तिघं राहतात, आणि रस्त्याकडची खोली तिची. दारावर पाटी, "रफू करून मिळेल".

तीन वर्षांपूर्वी अँटेनाने त्या खोलीत नवा सेट लावला. तोवर तिच्याकडचा प्रत्येक सेट त्यानेच लावलेला होता. ताई पाणी आणायला आत गेली आणि परत येते तो चित्र चालू. "किती लवकर झालं रे," ती म्हणाली. हाही खूष झाला.

गेल्या वर्षी ताईचा हात थरथरायला लागला. ती गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हाताचे व्यायाम करा म्हणाले. ताईने घरात कोणाला काही सांगितलं नाही. मुलगा गुणी, पण हळवा आणि घाईचा. त्याला कळलं की दुसऱ्या दिवशी सुई बंद, हे तिला ठाऊक होतं. सकाळी गोळी घेतल्यावर हात दोन-अडीच तास शांत असे, तेवढ्यात ती काम उरकायची. हाताशी पाच कोट होते. ते पुरे करायचे, नवीन काम घेणं आपणच थांबवायचं, आणि मग मुलाला समोर बसवून सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. काय शब्दांत सांगायचं तेही ठरलं होतं.

रोज दुपारी दोघं कामावर असताना ती दार लावून घेई, आवाज बंद करी आणि टीव्हीवर हाताच्या व्यायामाचे व्हिडिओ लावून समोर बसे. फोनवर मुद्दाम बघत नसे. फोन चहाडखोर असतो, जे बघावं ते सगळ्यांना सांगतो, हे तिने ऐकलं होतं. टीव्ही बिचारा भिंतीवर टांगलेला, त्यात भावाच्या कंपनीचा, भावाने लावलेला. त्याची कसली भीती.

दोन महिन्यांनी सुनेच्या फोनवर जाहिराती यायला लागल्या. हात थरथरला तरी न सांडणारा चमचा. बटणांशिवायचे सदरे. अमुक दवाखान्यात थरथरीवर खात्रीशीर उपचार. सुनेला वाटलं चुकून आल्या असतील. मग मुलाच्या फोनवरही त्याच आल्या. एके दिवशी जेवताना सुनेने हसत विषय काढला, की आपल्या घरात कोणाचा हात थरथरतो म्हणून हे फोन मागे लागलेत. आणि तिघांची नजर एकाच वेळी ताईच्या वाटीवर गेली.

पुढचं सगळं अगदी मायेने झालं, हाच खरा वैताग. मुलगा रडला. त्याने सुट्टी घेतली, आईला मोठ्या डॉक्टरकडे नेलं, सुयांची डबी उंच कपाटावर ठेवली, पाटी खिळ्यासकट काढली आणि पाचही कोट स्वतः गिऱ्हाइकांच्या घरी परत देऊन आला. एक कोट कोपरापाशी अर्धा विणून झाला होता. "आता तू फक्त आराम कर," तो म्हणाला. शेजारणी येऊन ताईचा हात हातात घेऊन बसायला लागल्या. अँटेनाही धावत गेला, हळहळला, "ताई, आम्हाला सांगायचंस तरी," म्हणाला. तेव्हा तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

हे कळलं कसं, याचा उलगडा महिन्याभराने झाला. कुठल्याशा कॉलेजातल्या एका प्राध्यापिकेने कंपनीचा सेट उघडून तपासला आणि वर्तमानपत्रात सगळं छापून आणलं. पडद्यावर जे काही चालू असेल, वाहिनी असो, व्हिडिओ असो की घरच्या समारंभाचं चित्रण, सेट दर काही सेकंदांनी त्यातला एक तुकडा टिपतो आणि कंपनीला कळवतो. कंपनी ते जाहिरातवाल्यांना विकते. मग त्या घरातल्या एकाच इंटरनेटवर असलेले सगळे फोन जाहिरातवाले हुडकतात. कंपनीने खुलासा केला, "आम्ही ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय काहीही करत नाही. संमती नवव्या पडद्यावर घेतली जाते." अँटेनाने तो खुलासा सर्व्हिस सेंटरमध्ये, कंपनीच्याच सेटवर, हातात डबा धरून ऐकला. मग त्याने डब्याचं झाकण लावून टाकलं.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. तो गेला. ती सेटसमोर बसली होती, सेट बंद.

"मी कधी हो म्हटलं?" तिने विचारलं.

"अगं, सेटअपच्या वेळी एक पडदा येतो, त्यावर..." त्याने सराईतपणे सुरुवात केली.

"मी पाणी आणायला गेले होते," ताई म्हणाली. "मुलाला मी सांगणार होते. माझं दुखणं मी माझ्या तोंडाने सांगणार होते रे. ते या डबड्याने सुनेला सांगितलं, चमच्याची जाहिरात दाखवून."

"मला तरी कुठे माहीत होतं, आत काय लिहिलंय ते?"

"मग दाबलंस कशाला?"

घड्याळ, पस्तीस मिनिटं, तांबडा ठिपका, हे सगळं त्याच्या तोंडापर्यंत आलं आणि इतकं फालतू वाटलं की त्याने ते गिळलं. ताई म्हणाली, "काही दिवस येऊ नकोस." आयुष्यात तिने त्याला मारलं होतं, उपाशी ठेवलं होतं, पण येऊ नकोस कधी म्हटलं नव्हतं.

अँटेनाने मग एकच उद्योग मांडला. सुट्टीच्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जायचं, सांगायचं, की तो पडदा मी दाबला होता, चला, बंद करून देतो. त्याला वाटलं होतं लोक चिडतील, निदान घाबरतील. लोकांनी त्याच्या नाकी नऊ आणले. एकजण म्हणाला, "आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" आणि हे म्हणताना उठून मधलं दार लावून घेतलं. दुसरी म्हणाली, "जाहिरातीच ना? उलट बरं, शोधावं लागत नाही." एका घरी त्याने बंद करून दिलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनीच तक्रार केली की मेकॅनिक आला आणि आमच्या आवडीच्या मालिका वर दिसायच्या बंद झाल्या. तक्रार अर्थातच अँटेनाच्या नावावर चढली. फक्त त्या हेडमास्तरांनी सेट अजून चालूच केला नव्हता. ते आठव्या कलमावर होते.

इकडे कंपनीने सगळ्या मेकॅनिकांना एक कागद दिला. "माझ्यासमोर ग्राहकाने स्वतः मजकूर वाचून संमती दिली," एवढंच वाक्य, खाली सही. बाकीच्यांनी मुकाट्याने सह्या ठोकल्या. अँटेनाने वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, "ग्राहकाने वाचलं नाही. बटण मी दाबलं. प्रत्येक घरी." साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. साहेब त्याच्या मुलाच्या वयाचे, बोलायला गोड.

"काका, तुम्ही ग्राहकाच्या वतीने दाबलंत ना?"

"वतीने दाब असं कोणी सांगितलं मला?"

"त्यांनी तुम्हाला घरात घेतलं. म्हणजे विश्वास दाखवला. विश्वास म्हणजे एक प्रकारची संमतीच."

अँटेना छत्तीस वर्षांत अनेकदा चिडला होता, पण हे ऐकून त्याने अक्षरशः हात टेकले, टेबलावर, दोन्ही. "साहेब," तो म्हणाला, "माझ्या बहिणीने मला घरात घेतलं ते मी तिचा भाऊ म्हणून. तुमच्यासाठी नाही." साहेबांनी कागद फायलीत ठेवला. पुढच्या सोमवारपासून अँटेनाची घरोघरी जायची ड्यूटी बंद झाली, आणि गोदामात परत आलेल्या सेटवरचं धुळीचं प्लास्टिक काढायचं काम त्याच्याकडे आलं. त्याच्या हाताचा तो व्हिडिओही कोणीतरी गुपचूप काढून टाकला.

त्या कागदाची एक प्रत त्याने जपून ठेवली होती. ती घेऊन एका रविवारी दुपारी तो ताईकडे गेला. सुनेने दार उघडलं आणि वाट दिली. ताई तिच्या खोलीत होती. त्याने कागद तिच्यापुढे धरला. आता हिला पटेल, आता ही म्हणेल बस, असं त्याला वाटत होतं. ताईने कागद घेतला, थरथरणाऱ्या हातात तो फडफडायला लागला, तेव्हा टेबलावर ठेवून वाचला.

"हे तू कंपनीला लिहिलंस," ती म्हणाली.

"हो. घरोघरी जायची ड्यूटी गेली त्यापायी."

"मला कधी म्हणालास?"

अँटेना उभाच राहिला. महिनाभर त्याने परक्या घरांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, साहेबांशी भांडला होता, आणि जिचं खरं नुकसान झालं तिला दोन शब्द बोलला नव्हता. ते तिला कळलेलं असणारच, असं धरून चालला होता. इतकी वर्षं लोकांचं "मान्य"ही तो असंच धरून चालला होता.

"ताई, तुला न विचारता दाबलं मी," तो म्हणाला. "चुकलं माझं." बोलताना आवाज फुटला, आणि त्या फुटलेल्या आवाजाचाही त्याला राग आला.

ताईने कागदाची घडी घातली. मग तिने सेट लावला. "बंद कसं करायचं ते सांग."

त्याचा हात सवयीने रिमोटकडे गेला.

"तू सांग," ती म्हणाली. "दाबणार मी."

हो म्हणायला एक बटण ठेवलेल्या त्या दीडशहाण्यांनी बंद करायला चौदा पायऱ्या ठेवल्या होत्या. आधी सेटिंग, मग इतर, मग अधिक, मग पुन्हा इतर. ताईचा अंगठा थरथरे, एका ऐवजी दोनदा दाबलं जाई आणि खालची ओळ सुटून भलतीच उघडे. मग मागे यायचं. एकदा सगळ्या टीव्हीची भाषाच बदलली. एकदा ती बाराव्या पायरीवर होती आणि थेट पहिल्यावर आली. अँटेनाच्या जिवाची तगमग चालली होती. मी करतो, दोन सेकंदांचं काम आहे, हे शब्द त्याने इतक्यांदा गिळले की शेवटी तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. ताई घामाघूम झाली, पण थांबली नाही. सत्तेचाळीस मिनिटं लागली. शेवटी पडद्यावर आलं, "संमती मागे घेतली."

ताईने रिमोट बाजूला ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि मुलाला हाक मारली. तो आतल्या खोलीतून धावतच आला, काय झालं म्हणून.

"बस," ताई म्हणाली. "तुला माझ्या हाताबद्दल सांगायचंय."

मुलाने मामाकडे पाहिलं, मग आईकडे. "आई, आम्हाला माहीत आहे सगळं. कशाला त्रास करून घेतेस?"

"तुला जाहिरातीने सांगितलंय. मी अजून सांगितलेलं नाही. बस."

तो पलंगाच्या कडेवर बसला. मायलेकांत आपण नको म्हणून अँटेना उठायला लागला, तर ताईने त्यालाही डोळ्यांनी खाली बसवलं. तिने थरथरणारा हात झाकला नाही, तसाच दोघांसमोर मांडीवर ठेवला.

"सुरुवात डाव्या अंगठ्यापासून झाली," ती म्हणाली.